मान धरून बसलेल्या ताईस

प्रिय ताई,

वयाने तू माझ्याहून बरीच लहान, तरी ताईच म्हणते. त्या शुक्रवारी रात्रीपासून मनात तेच आलंय.

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात लेक मैदानात आडवा पडला आणि उठेना, तेव्हा मी कठडा धरून उभी होते. तू धावत गेलीस, ओल्या गवतात गुडघे टेकलेस आणि हेल्मेटसकट त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलंस. कुणी हेल्मेट काढायला वाकला, त्याला नुसत्या नजरेने थांबवलंस. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तुझे हात हलले नाहीत. मी जवळ पोचले तर तू चक्क मराठीत बोलत होतीस, "मान हलवू नको रे राजा, माझ्याकडे बघ." जर्सीवरचं आडनाव वाचून तू मराठीवर आलीस, हे मागाहून कळलं. न्यू जर्सीतल्या त्या गार मैदानावर माझ्या पोराला आपलं माणूस सापडलं होतं. त्याचा श्वास तिथेच संथ झाला. मी पाहिलं ना.

वर्षभरापूर्वी, दुसऱ्या एका संघात, हाताला मुंग्या येतात असं त्याने प्रशिक्षकांना सांगितलं होतं. त्यांनी पाठीवर थाप मारून त्याला परत खेळायला पाठवलं. वर "नाटकं बंद कर" म्हणाले. तो शब्द मी अजून विसरलेले नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर तू मला वेस्ट पॉइंटच्या १९०९ च्या फुटबॉल संघाची गोष्ट सांगितलीस. मला धीर यावा म्हणून नव्हे. मान धरून का बसायचं, हे मला कळावं म्हणून. घरी आल्यावर मिळेल ते वाचून काढलं. वेस्ट पॉइंट म्हणजे हडसन नदीकाठची अमेरिकेची लष्करी अकादमी. त्या हंगामात तिच्या संघाने टफ्ट्स कॉलेजला २२-० हरवलं, ट्रिनिटीला १७-६, येलकडून हार खाल्ली, मग लीहाय विद्यापीठाला १८-० धूळ चारली. ३० ऑक्टोबरला हार्वर्ड आलं. तेव्हा हातात हात अडकवून, आपल्याच गड्याला मागून ढकलत, एका माणसावर सगळा लोंढा घालायची मुभा होती. दमून बाहेर गेलेल्याला परत येता येत नसे, मग दमलेला बाहेर जाणार कसा? वेस्ट पॉइंटचा खेळाडू, बफलोचा यूजीन बर्न असाच एका लोंढ्याखाली सापडला. मान मोडली. डॉक्टर कित्येक तास कृत्रिम श्वास देत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

आणि अकादमीने हंगाम तिथेच थांबवला. हार्वर्डचा सामना धरून ३ विजय, २ पराभव, बस्स. १८९९ पासून दरवर्षी होणारा नौदलाबरोबरचा सामनासुद्धा रद्द! पोरांना सोसायला शिकवणारी ती शाळा, पण "चला, पुढे खेळा" असं तिथे कुणी म्हटलं नाही. नौदलाच्या अकादमीच्या अर्ल विल्सनची मानही त्याच ऑक्टोबरात मोडली होती. तो १९१० च्या एप्रिलपर्यंत अंथरुणाला खिळून होता, मग तोही गेला. त्याच वर्षी नियम बदलले: ढकलाढकली बंद, हात अडकवणं बंद, आघाडीच्या रेषेवर किमान सात जण, आणि बाहेर बसलेल्याला सामन्याच्या पुढच्या सत्रात परत यायची सोय.

हे वाचताना मला सारखे तुझे हात दिसत होते. सभ्यपणा म्हणजे गोड बोलणं, असं मला इतकी वर्षं वाटायचं. आता वाटतं, दुसऱ्याच्या लेकराच्या मानेपुढे स्कोअरबोर्डकडे पाठ फिरवता येणं, हा सभ्यपणा. त्या रात्री आपला संघ पुढे होता की मागे, हे तुला अजूनही सांगता येणार नाही, पैजेवर सांगते.

मणक्याला चीर होती, पण ऑपरेशन टळलं. "पहिल्या मिनिटात कुणी धरलं होतं?" असं डॉक्टरांनी आवर्जून विचारलं. मी तुझं नाव सांगितलं आणि मग मला रडू आवरेना.

परवा पट्टा निघाला. काल रात्री जेवताना डावीकडे मान वळवून तो म्हणाला, "आई, वरण वाढ." वाढताना माझा हात थरथरला. तू रविवारी जेवायला ये. त्याला तुला मान वळवून दाखवायची आहे.

तुझी,
त्याची आई