म्हणे तिसऱ्या क्रमांकाचा क्लब!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर ग्रीक फुटबॉलवरचा लेख वाचला. मराठी दैनिकात ऑलिंपियाकोस, पनाथिनायकोस ही नावं दिसली की आयुष्य बोटीवर काढलेल्या माझ्यासारख्याला बरं वाटतं. पण दोन गोष्टी खटकल्या.

लेखासोबत युरोपातल्या क्लबांच्या 2024 च्या कॉन्फरन्स लीग अंतिम सामन्याचा फोटो होता आणि खाली ओळ होती की ऑलिंपियाकोसने घरच्या मैदानावर करंडक उंचावला. ते घर ऑलिंपियाकोसचं नव्हे. 29 मे 2024 ला अथेन्सजवळच्या पिरियस बंदराच्या या संघाने इटलीच्या फिओरेंतिनाला 1-0 असं हरवलं. अयूब एल काबीने जादा वेळेत, 116 व्या मिनिटाला गोल मारला. ग्रीसच्या क्लबने युरोपातला मोठा करंडक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पण हे सगळं घडलं अथेन्सच्या नेआ फिलाडेल्फिया उपनगरात, म्हणजे एईके या क्लबच्या मैदानावर. पिढ्यान्पिढ्या ज्याच्याशी भाऊबंदकी, त्याने आपल्याच अंगणात येऊन गुढी उभारावी, तशातली गत. एईकेवाल्यांनी ती रात्र कशी काढली असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दुसरी गोष्ट, लेखाच्या शेवटी एईकेची बोळवण ‘तिसऱ्या क्रमांकाचा क्लब’ अशी एका ओळीत केली आहे. करंडकांचा हिशेब मांडला तर ते चूक नाही. 1939 पासून 2023 पर्यंत एईकेने लीग 13 वेळा जिंकली आणि ऑलिंपियाकोसने तर चाळिशी केव्हाच ओलांडली. पण सगळ्या क्लबांना एकच फूटपट्टी लावायची का, एवढंच विचारायला हे पत्र लिहितोय.

मी ऐंशीच्या दशकात ग्रीक मालकाच्या मालवाहू बोटीवर थर्ड इंजिनीअर होतो. आमचा चीफ इंजिनीअर अथेन्सचा. माणूस तोंडाचा फटकळ, पण कामात वाघ. त्याची आजी कॉन्स्टँटिनोपलची, आजचं इस्तंबूल. आजीच्या घराची किल्ली वगैरे काही त्याच्याकडे नव्हती, फक्त राग होता, आणि तोही तुर्कांवर कमी, अथेन्सकरांवर जास्त. त्याचं कारण त्यानेच इंजिनरूममधल्या वॉचवर, म्हणजे पाळीवर, मला तुकड्यातुकड्यांत सांगितलं.

1919 ते 1922 ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध झालं. ग्रीक सैन्य हरलं, सप्टेंबर 1922 मध्ये स्मिर्ना, म्हणजे आजचं इझमिर, जळून खाक झालं. पुढच्या वर्षीच्या करारात चक्क माणसांची अदलाबदल ठरली, आणि तीही भाषा बघून नाही, धर्म बघून. सुमारे 12 लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, साडेतीन-चार लाख मुसलमान तिकडे गेले. कॉन्स्टँटिनोपलचे ग्रीक करारातून वगळलेले होते, पण ज्यांना पुढचं दिसत होतं त्यांनी आधीच गाशा गुंडाळला. पन्नासेक लाखांच्या गरीब देशात एवढी माणसं उतरली. थिएटरांत, शाळांत, गोदामांत लोक राहिले. आलेल्यांपैकी कित्येकांना ग्रीकपेक्षा तुर्की बरी यायची. स्थानिक लोक त्यांना ‘तुर्काचं बी’ म्हणून हिणवायचे. चीफच्या आजीने ते ऐकलं होतं, आणि तिच्या नातवाने ते साठ वर्षांनंतरही गाठीला बांधून ठेवलं होतं.

या लोकांपैकी काहींनी 1924 च्या एप्रिलमध्ये अथेन्सच्या व्हेरानझेरू रस्त्यावरच्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात बसून क्लब काढला. दुकान योनास आणि दिमोपुलोस यांचं. पहिला अध्यक्ष कोन्स्तांतिनोस स्पानुडिस, पेशाने पत्रकार, पंतप्रधान व्हेनिझेलोसच्या गोटातला. क्लबचं नाव ‘कॉन्स्टँटिनोपलचा क्रीडासंघ’, ग्रीक आद्याक्षरं एईके. रंग पिवळा-काळा, आणि छातीवर दोन तोंडांचा गरुड, कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या जुन्या बायझंटाइन साम्राज्याचा. (दोन वर्षांनी थेस्सालोनिकीत त्याच लोकांच्या भाऊबंदांनी पाओक काढला, गरुड तोच. स्मिर्नाचा पानिओनिओस तर 1890 चा, तो आपल्या माणसांबरोबर समुद्र ओलांडून अथेन्सला आला. त्याच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.)

नेआ फिलाडेल्फिया ही निर्वासितांचीच वस्ती. तिथे घरांसाठी राखलेला एक तुकडा पोरांना खेळायला मिळाला, क्लबने तिथे सराव सुरू केला, आणि स्पानुडिसने व्हेनिझेलोसच्या मागे लागून 1930 मध्ये ती जागा रीतसर क्लबच्या नावावर करून घेतली. त्या नोव्हेंबरात पहिला सामना झाला तो ऑलिंपियाकोसशीच, 2-2 बरोबरी. घरांची जमीन खेळाला दिली, यावर तेव्हा कुणी बोंब मारली की नाही मला माहीत नाही. आपल्याकडे याच्या उलट होतं, मैदानाच्या आरक्षणावर टॉवर उभा राहतो.

भूगोलही सांगतो, कारण त्याशिवाय वैर कळायचं नाही. पिरियस बंदरातून किफिसियाला जाणारी जुनी विद्युत रेल्वे आहे. बंदरातून निघालात की लगेच फालिरोला ऑलिंपियाकोसचं कराइस्काकिस मैदान खिडकीतून दिसतं. तीच गाडी शहर ओलांडून उत्तरेला गेली की पेरिसोस स्टेशन, तिथे उतरून चालत एईकेचं मैदान. एकाच गाडीत दोन्हीकडची माणसं, त्यामुळे सामन्याच्या दिवशी कुठला रंग कुठल्या स्टेशनपर्यंत अंगावर ठेवायचा याचेही अलिखित नियम. बंदर सगळं लाल-पांढऱ्यांचं, म्हणजे ऑलिंपियाकोसचं. आम्ही बोटीवरचे, म्हणजे कायम शत्रूच्या मुलखात.

7 मे 1989, रविवार. आमची बोट पिरियसजवळ पेरामाच्या दुरुस्ती यार्डात लागलेली. मेन इंजिनच्या क्रँककेसची, म्हणजे त्याच्या तेलकट पोटाची, तपासणी चालू होती. यार्डाचे फिटर, वेल्डर एकजात ऑलिंपियाकोसवाले. तिकडे ऑलिंपिक स्टेडियमवर ऑलिंपियाकोस आणि एईके समोरासमोर, लीगचा निकाल लावणारा सामना, आणि कंट्रोलरूममध्ये चीफचा ट्रान्झिस्टर. एईके 1-0 जिंकली, गोल काराजिओझोपुलोसचा. यार्डाची माणसं गप्प. चीफ एक शब्द बोलला नाही. त्याने कपाटातून पिवळा-काळा मफलर काढला, मे महिन्याच्या उकाड्यात गळ्याला गुंडाळला, टॉर्च घेतला आणि तसाच क्रँककेसच्या दारातून आत घुसला. बेअरिंगमधल्या फटी त्याने स्वतः मोजल्या, एरवी ते काम माझं. अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा मफलरातला पिवळा रंग शोधावा लागत होता. एका म्हाताऱ्या फिटरने मुकाट्याने त्याच्या हातात पुसायचं कॉटन वेस्ट ठेवलं. जुलैत बोट भूमध्य सोडून गेली तरी चीफने तो मफलर धुतला नव्हता.

त्याआधीचा इतिहास भरभर सांगतो, कारण तो मी ऐकीव सांगणार. 1932 मध्ये ग्रीसचा पहिलावहिला कप एईकेने जिंकला. 1963 मध्ये पनाथिनायकोसशी निर्णायक सामना 3-3 सुटला आणि गोलसरासरीवर लीग एईकेला मिळाली. नेस्टोरिडिस आणि पापायोआनू ही जोडी त्या संघातली. 1976-77 च्या युएफा कपमध्ये डायनॅमो मॉस्को, इंग्लंडचा डर्बी काउंटी, रेड स्टार यांना बाहेर काढून गडी उपांत्य फेरीत पोचले. लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सकडून 3-0 मार खाऊन आले होते, घरच्या मैदानावर 3-0 ने तो फेडला आणि पेनल्टीवर बाजी मारली. पुढे युव्हेंटसने रोखलं. एईकेकडून गाजलेल्या थोमास माव्रोसचे ग्रीक लीगमधले 260 गोल हा उच्चांक.

एकाबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. दुशान बायेविच, बोस्नियातल्या मोस्तारचा. खेळाडू म्हणून आला, नंतर प्रशिक्षक म्हणून. 1989 चं यश त्याचं, आणि 1992, 93, 94 अशी ओळीने तीन अजिंक्यपदंही त्याचीच. देवघरात फोटो लावायचे बाकी होते. 1996 मध्ये हा गृहस्थ ऑलिंपियाकोसला गेला. लोकांनी नाव टाकलं. 2002 मध्ये एईकेने त्याला परत आणलं, त्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या गटात रेआल माद्रिद, रोमा आणि गेंक यांच्याशी सहाच्या सहा सामने बरोबरीत सोडवून दाखवले, एकही हार नाही, एकही विजय नाही. तरी स्टँडमधून शिव्या थांबल्या नाहीत, आणि 2004 मध्ये तो कंटाळून गेला. माझं विचाराल तर हे अतिच झालं. पोटासाठी माणूस कंपनी बदलतो, मीही बदलल्या. चीफला हे म्हटलं असतं तर त्याने मला बोटीवरून ढकललं असतं.

आता मूळ मुद्दा. 7 सप्टेंबर 1999 च्या अथेन्सच्या भूकंपात मैदानाला तडे गेले. 2003 मध्ये ते पाडलं, लवकरच नवं बांधायचं या बोलीवर. ते ‘लवकरच’ 19 वर्षं चाललं. क्लब दुसऱ्यांच्या दारात खेळत राहिला. मध्ये पैसे संपले, बाजूच्या वनराईच्या जागेवरून पालिका आणि रहिवाशांशी भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. (झाडांसाठी भांडणारेही त्याच वस्तीतले, त्यांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही.) ग्रीसचं आर्थिक संकट आलं आणि कर्ज गळ्याशी आलं. एप्रिल 2013 मध्ये पांथ्राकिकोसविरुद्ध शेवटच्या मिनिटांत स्वयंगोल झाला, प्रेक्षक मैदानात घुसले, सामना सोडावा लागला, गुण कापले गेले, आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच पदावनती झाली.

नियमाने एकच पायरी खाली जायचं होतं. एईके दोन पायऱ्या उतरली, आपणहून. कर्जात बुडालेली कंपनी अवसायनात काढली, संघ मूळ हौशी संस्थेकडे घेतला आणि तिसऱ्या श्रेणीत नव्याने नाव घातलं. ज्यांचे पगार बुडाले त्यांनी या कसरतीला काय म्हटलं असेल ते सांगायला नको, आणि त्यांचं चुकलंही नसेल. पण लोक सोडून गेले नाहीत. प्रशिक्षक ट्राइआनोस डेलास, 2004 च्या युरो विजेत्या ग्रीस संघातला, तो या संघाला घेऊन खेड्यापाड्यातल्या मैदानांवर फिरला. 2015 मध्ये संघ वरच्या श्रेणीत परतला, 2016 मध्ये कप जिंकला, तोही ऑलिंपियाकोसला 2-1 हरवून. 2018 मध्ये 24 वर्षांनी लीग. सप्टेंबर 2022 च्या अखेरीस जुन्या जागीच नवं मैदान उघडलं, नाव ठेवलं आया सोफिया, कॉन्स्टँटिनोपलच्या जुन्या चर्चचं, आणि त्याच मोसमात लीग आणि कप दोन्ही घरात. युरोपात असा परतीचा प्रवास केलेले मोठे क्लब हाताच्या बोटांवर मोजावेत.

मी या क्लबला गंध-फूल वाहायला बसलेलो नाही. मार्च 2013 मध्ये याच संघाच्या विशीतल्या खेळाडूने गोल केल्यावर नाझी सलाम ठोकला होता. निर्वासितांच्या क्लबात! 2018 च्या लीगमध्ये पाओकचा मालक कमरेला पिस्तूल लावून एईकेविरुद्धच्या सामन्यात मैदानात उतरला, एकाच गरुडाची दोन पिल्लं ही. आणि ऑगस्ट 2023 मध्ये झाग्रेबहून आलेल्या टोळीच्या हल्ल्यात एईकेचा एक तरुण पाठीराखा मैदानाजवळच भोसकून मारला गेला. ही हाणामारी ग्रीक फुटबॉलच्या पाचवीला पुजलेली आहे, आणि पिवळे-काळे तिच्यात धुतल्या तांदळासारखे नाहीत.

तरीही. आपल्याकडे बघा. मुंबईचा महिंद्र युनायटेड 2005-06 ला फुटबॉलमध्ये देशाचा विजेता होता, 2011 मध्ये कंपनीने बंद केला. गोव्याच्या धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग यांनी 2016 मध्ये आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा सोडली. धेंपो तर पाच वेळचा विजेता. दोन्ही वेळा आपण पेपरातली बातमी वाचली आणि पान उलटलं. संघ कंपनीचा असला की कंपनीच्या ताळेबंदाबरोबर जातो. एईकेची कंपनी बुडाली तरी एईके राहिली, कारण ती आधी वस्तीची होती.

वस्तीचा फुटबॉल आपल्याकडे नाही असंही नाही. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर पेठा ओस पाडून माणसं येतात. आपल्या दैनिकात त्यांना कोपऱ्यात चार ओळी मिळतात, त्यातल्या दोन हुल्लडबाजीच्या. ग्रीसवर अर्धं पान देता ते द्याच, पण एखाद्या तालमीवरही द्या. संघ कुणी काढला, पहिले बूट कुठून आले, वर्गणी कोण गोळा करायचं, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून पेठांत आहेत, वार्ताहर पाठवा. आणि तो लेख छापाल तेव्हा कुठल्या तालमीचा कितवा क्रमांक ते कृपया लिहू नका, कोल्हापूरकर पत्र लिहीत बसणार नाहीत, थेट कचेरीत येतील.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनीअर
दापोली