अंधारात बघायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

माझ्या फोटोंचं कौतुक होतं तेव्हा तुमचा विषय निघतच नाही, हे मनाला लागतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या त्या बंद सबवेत, म्हणजे जुन्या भुयारी रेल्वेत, फोटो काढायला पहिल्यांदा मी एकटीच गेले होते. जानेवारीची थंडी, मोबाईल गारठून बंद पडला आणि हातातला एकुलता एक उजेड गेला. भिंत चाचपत बाहेर आले. फोटो एकही धड नव्हता. पुढे गणपतीच्या पंगतीत हे तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही रागावला नाहीत. "एकटी जाऊ नकोस, मी येतो," एवढंच म्हणालात आणि शनिवारी दोन टॉर्च अन् चहाचा थर्मास घेऊन दारात हजर.

आत गेल्यावर तुम्ही टॉर्च विझवायला लावलेत. वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं! मी घाबरले होते, तुम्ही निवांत. कोडॅक कंपनीत कॅमेऱ्याच्या फिल्मवर इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा लेप, चढवण्याचं काम मिट्ट काळोखात चालायचं, तुमची उमेदीची वर्षं त्यातच गेलेली. उभ्या उभ्याच तुम्ही सांगितलंत, की इथून आधी एरी कालवा वाहायचा. तो दुसरीकडून वळवल्यावर शहराने कोरड्या पात्रात रूळ टाकले. १९२७ साली गाडी सुरू झाली आणि १९५६ च्या जूनअखेर प्रवाशांसाठी बंदही झाली. कालवा पलीकडे नेणारा जेनेसी नदीवरचा दगडी पूल तर १८४२ चा, त्याच्या डोक्यावर पुढे रस्ता झाला. ऐकता ऐकता कमानींतून येणारा उजेड जाणवू लागला, मग खांब, मग खांबांवरच्या चित्रांचे रंग.

मी कॅमेऱ्याजवळून उजेड मारायचे, त्यामुळे भिंत सपाट यायची. तुम्ही कडेला जाऊन टॉर्च भिंतीलगत आडवा धरलात आणि शटर उघडं होतं तेवढे ३० सेकंद, चुना मारताना कुंचला फिरवावा तसा उजेड वरखाली फिरवत राहिलात. फोटो बघून मी ओरडलेच! रंगाचा पापुद्रा न् पापुद्रा उठून आला होता. एका जागी पोपडा सुटला होता, त्याच्या कडेला चंदेरी, गुलाबी, काळा, पुन्हा चंदेरी असे थर. चित्रावर चित्र, त्यावर आणखी चित्र. मी तो खिशात टाकणार होते. "राहू दे तिथेच," तुम्ही म्हणालात.

आणि तो स्प्रेने रंगवणारा मुलगा! मी कॅमेरा उचलताच तुम्ही माझा हात खाली केलात आणि आधी त्याच्याशी जाऊन बोललात. चेहरा नको, फक्त हात, असं ठरलं. निळी झालेली बोटं आणि डब्याचं नोझल दाबून पांढरं पडलेलं तर्जनीचं टोक. माझा सगळ्यात लाडका फोटो तोच.

खांब मोजून, तिथून अकरा पावलं, ही जागाही तुमचीच. दर महिन्याला तिथूनच ती एक भिंत. चौदा फोटो झाले, चौदाही चित्रं वेगळी, त्यातली तेरा आता भिंतीवर नाहीत. गुडघे दुखत असताना तुम्ही चौदाही वेळा आलात, काका. तुमचे आभार किती मानू?

प्रिंट मोठ्या काढल्यात. रविवारी घेऊन येते, तुमचा ट्रायपॉडही आणते. त्याचा तिसरा पाय घसरायचा ना, तो दुरुस्त करून घेतलाय. काकूंना सांगा, जेवायलाच येते.

तुमची,
पुण्याची पोरगी