जुन्या गाडीचा विमा झालाय, काळजी करू नका

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. ऑफिस, थंडी, डबा हे सगळं तुम्हाला पाठ आहे त्यामुळे त्यात शिरत नाही. रविवारी फोनवर माझ्या जुन्या ट्रायम्फ हेरल्डबद्दल बाबा म्हणाले ना, "जवळजवळ साठ वर्षांची मोटार, तिला विमा कोण देणार आणि उद्या कुणी ठोकली तर हातात काय येणार," ते तेव्हापासून डोक्यात घोळतंय, आणि मागून आईचा आवाज येत होता की पोरीला असल्या गोष्टींना बरे पैसे सुचतात, तेही ऐकलं बरं का. फोन सारखा कट होत होता म्हणून आता बसून सगळं नीट लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगा, मोबाईलवर वाचत बसू नका बाबा, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय.

तर पहिली गोष्ट, विमा आहे आणि पक्का आहे. गाडी ताब्यात घ्यायच्या आधीच घेतला होता. इथे इंग्लंडमध्ये २०११ पासून असा नियम आहे की गाडी चालवा नाहीतर नुसती दारात उभी ठेवा, विमा हवाच, आणि नको असेल तर ही गाडी रस्त्यावर येणार नाही असं सरकारला रीतसर कळवावं लागतं, त्याला सॉर्न म्हणतात. पोलिसांचे कॅमेरे नंबर प्लेट वाचून लगेच विम्याच्या डेटाबेसशी ताडून बघतात. विम्याशिवाय सापडलं तर ३०० पाउंड दंड आणि लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट. तेव्हा तुमची पोरगी बिनविम्याची फिरतेय ही काळजी मनातून काढूनच टाका.

आता हातात काय येणार. बाबांचा हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि मी सगळ्यात जास्त डोकं त्यावरच घातलं. आपल्याकडे गाडीचा आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, दरवर्षी खाली येतो, पाच वर्षांत निम्म्यावर. इथेही साध्या पॉलिसीत गाडी गेली तर त्या वेळचा बाजारभाव मिळतो. पण जुन्या गाडीचा बाजारभाव काढायचा कसा, एकच मॉडेल, एकच साल, त्यातली एक गंजून बसलेली आणि दुसरी कुणीतरी बोल्ट न बोल्ट खोलून पुन्हा उभी केलेली, दोघींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, आणि साध्या कंपनीच्या कॉम्प्युटरला दोन्ही नुसत्या म्हाताऱ्या गाड्या दिसतात. म्हणून क्लासिक गाड्यांच्या खास पॉलिसीत 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू' असते. म्हणजे काही व्हायच्या आधी, गाडी धडधाकट असतानाच किंमत ठरवून पॉलिसीत लिहून घ्यायची. सगळ्या बाजूंनी फोटो, आतले फोटो, खालून फोटो, केलेल्या कामाची बिलं आणि गाडीच्या क्लबकडून व्हॅल्युएशनचा कागद, एवढं दिलं की कंपनी बघते आणि मान्य करते. माझी सहा हजार पाउंड लिहिलीये. चोरी झाली किंवा गाडी पूर्ण निकामी झाली तर सहा हजारातून एक्सेस, म्हणजे आपल्या खिशातून जाणारी पहिली ठरावीक रक्कम, तेवढी वजा करून बाकी सगळे मिळणार, नंतर घासाघीस नाही. हे कलम नसतं तर मी गाडीच घेतली नसती, खरंच सांगते.

आणि एक कलम मी मुद्दाम विचारून घातलंय. गाडी निकामी ठरली तरी तिचे अवशेष आपल्याकडे ठेवायचा हक्क. नाहीतर पैसे दिले की सांगाडा कंपनीचा होतो आणि तो भंगारात जातो. आजोबांची गाडी भंगारवाल्याने नेली त्या दिवशी आजोबा जेवले नव्हते हे आईच नेहमी सांगते, त्यामुळे हे कलम का घातलं ते आईला तरी वेगळं सांगायला नको.

हो, गाडी आजोबांच्या गाडीच्याच घराण्यातली आहे. म्हणजे आजोबांची स्टँडर्ड हेरल्ड मद्रासला बनायची आणि तिची मूळ बहीण ट्रायम्फ हेरल्ड इथे, कोव्हेंट्रीतच, कॅन्लीच्या कारखान्यात. १९५९ ला आली, डिझाइन मिकेलोटी नावाच्या इटालियन माणसाचं, १९७१ ला बंद. आता कॅन्लीत गाड्या बनत नाहीत, पण शहरात अजून म्हातारी माणसं भेटतात जी तिथे कामाला होती, एक आजोबा तर पार्किंगमध्ये थांबून माझ्या गाडीला हात लावून गेले. माझी १९६८ ची आहे, १३/६० मॉडेल, १२९६ सीसी. बाबा, पुढचं अख्खं नाक बिजागरीवर उलटं पुढे उघडतं, तुम्ही लहानपणी मडगार्डखालच्या टायरवर बसून आजोबांना पाने द्यायचात ना, तसंच बसता येतं. मी बसले.

विमा महाग पडला असेल असं दादा म्हणाला. नाही रे दादा, माझ्या रोजच्या गाडीच्या पाव प्रीमियमसुद्धा नाही. कारण अटी कडक आहेत. वर्षाला ३००० मैलांच्या वर चालवायची नाही. रोजच्या वापराला दुसरी गाडी नावावर हवी. रात्री कुलूपबंद गॅरेजात हवी. वय पंचवीसच्या वर, इथलं फुल लायसन्स, आणि तेही बरंच आधी काढलेलं (आपलं भारतातलं लायसन्स इथे एकच वर्ष चालतं, म्हणून मी तेव्हा इथली टेस्ट धावपळ करून दिली होती, आईला तेव्हा वाटलेलं उगाच पैसे घालवते, त्याचा आता उपयोग झाला). लग्नात भाड्याने द्यायची नाही, ट्रॅकवर न्यायची नाही. आणि गाडीत जे जे बदललंय ते सगळं सांगायचं, अगदी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय, मागच्या सीटला बेल्ट लावलेत, हेसुद्धा. सुरक्षेसाठी केलेला बदल असला तरी तो बदलच, न सांगता ठेवला की क्लेमच्या वेळी तेच पुढे येतं. त्यामुळे मी ब्रोकरला यादीच पाठवली आणि त्यांच्याकडून 'नोंद केली' असं मेलवर घेतलं. माझ्या साध्या गाडीचा नो क्लेम बोनस मात्र इकडे वापरता येत नाही, तो तिथेच राहतो.

बाबांचा पुढचा प्रश्न मला माहितीये, म्हणून आत्ताच सांगते. हो, ४० वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स शून्य आहे आणि २०१८ पासून दरवर्षीची एमओटी तपासणीही सक्तीची नाही, गाडीत मोठे फेरफार केलेले नसले की झालं. पण मी तपासणी करून घेतलीच, ब्रेक, स्टिअरिंग, खालचा चासी, म्हणजे गाडीची चौकट, सगळं, आणि दरवर्षी करणार आहे. सक्ती नसली तरी गाडी रस्त्यालायक ठेवायची जबाबदारी मालकाचीच असते.

आता एक गोष्ट जी मला इथे येऊन कळायलाच फार वेळ लागला आणि तुम्हाला तर पटणारच नाही. इथली माणसं घरी मोटार बांधतात. दुरुस्त करतात असं नाही, बांधतात. खोक्यांमधून किट येतं, लोखंडी नळ्यांची चौकट, फायबरचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, आणि इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल वगैरे एखाद्या जुन्या गाडीतून काढायचे. माझा एक मित्र आहे, तो घरच्या गॅरेजात अशी गाडी बांधतोय, माझदा एमएक्स-५ चं इंजिन घालून. शनिवार-रविवार तेच. शेजारी येऊन हात लावतात, कुणी वेल्डिंग बघून देतं, कुणी वायरिंग. मला आधी वाटलं पैसे वाचवायला असेल, तर तेव्हढंच नाही. सुरुवात मात्र पैशातूनच झाली, पूर्वी तयार गाडीवर पर्चेस टॅक्स होता आणि सुट्या भागांवर नव्हता, म्हणून लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स गाडी १९५७ पासून किट म्हणून विकली जायची, लोक घरी नेऊन जोडायचे. १९७३ ला व्हॅट आला आणि ती सवलत गेली, त्याच साली कॅटरहॅम नावाच्या कंपनीने ती गाडी बनवायचे हक्क घेतले, आणि आजही ते किट विकतात. म्हणजे टॅक्स गेला पण सवय राहिली. आणि बाबा, तुमच्या हेरल्डचा इथेही संबंध आहे, तिला वेगळा चासी असल्याने वरची बॉडी उचलून बाजूला ठेवता येते, म्हणून किती तरी किट गाड्या हेरल्डच्याच चासीवर बांधल्या गेल्या.

सरकार परवानगी कशी देतं असं तुम्ही म्हणाल. फुकट देत नाही. गाडी पूर्ण झाली की आयव्हीए नावाची तपासणी असते, ब्रेक, दिवे, धूर, आवाज, बेल्टचे बोल्ट सगळं बघतात, बाहेर आलेली प्रत्येक कड कमीत कमी २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी, माणसाला लागू नये म्हणून. पास झाली की मग नंबर. कशातलं काय घेतलंय ते कागदावर सिद्ध होत नसेल तर क्यू अक्षराचा नंबर मिळतो, आणि क्यू नंबर बघून काही विमा कंपन्या नाहीच म्हणतात. एरवीही अशा गाडीचा विमा वेबसाइटवर मिळणं कठीण, तिथे मेक-मॉडेलच्या यादीत ती नसतेच, खास ब्रोकरशी फोनवर बोलावं लागतं आणि तो माणूस तासभर प्रश्न विचारतो. शिवाय बांधत असतानाचा विमा वेगळा, बिल्ड-अप कव्हर, गॅरेजात आग लागली किंवा पार्ट चोरीला गेले तर. घराच्या विम्यात मोटारीचे पार्ट बहुतेक वेळा धरत नाहीत. काम पुढे सरकलं की गाडीची किंमत वाढते, तसं कंपनीला कळवत राहायचं, प्रत्येक टप्प्याचे फोटो, प्रत्येक नटबोल्टचं बिल. तपासणीला चालवत न्यायची तर नंबर नसतो, तेव्हा चासी नंबरवर विमा काढतात. हे सगळं मला इतकं माहीत आहे कारण मित्राची ती फाइल मीच लावते, त्याचं अक्षर वाईट आहे.

तर आता तो पॉलिसीचा कागद. बाबांनी फोटो मोठा करून बघितला आणि रात्री गाडी ठेवायचा पत्ता माझ्या फ्लॅटचा नाही आणि नेम्ड ड्रायव्हर, म्हणजे माझ्याशिवाय ही गाडी चालवू शकणारा, म्हणून दुसरं नाव आहे, हे विचारलं. दोन्ही त्या मित्राचंच आहे. माझ्या बिल्डिंगला गॅरेज नाही, त्याच्याकडे आहे, त्याच्या किटशेजारी माझी हेरल्ड उभी असते. खोटा पत्ता देऊन विमा घेतला असता तर उपयोगच नव्हता, आणि तुमच्यापासून तरी किती दिवस ठेवायचं. आई, तो लेस्टरचा आहे, गुजराती, त्याचे आजोबा १९७२ मध्ये युगांडातून सगळं सोडून आले, घरचे शाकाहारी, आई शाळेत शिकवते. आम्हाला लग्न करायचंय. मावशीने आणलेल्या पुण्याच्या स्थळाला कृपा करून आता नाही म्हण, त्या मुलाला ताटकळत ठेवणं बरोबर नाही. येत्या शनिवारी तुमच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल करू का? बाबा, तुम्ही त्याला काहीही विचारा, तो मराठी समजायचा प्रयत्न करतोय.

पैशांचं. गाडी बोनसमधून घेतली, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे वेगळे काढलेले आहेत, त्याला हात लावलेला नाही. निम्मे आज पाठवलेत, निम्मे पुढच्या महिन्यात, पावसाआधी काम सुरू करा. दादावर सगळं पडतं हे मला कळतं, डॉक्टरकडे नेणं, बँक, गॅस, सगळं तोच करतो आणि मी इथून नुसते पैसे पाठवते. गणपतीला नाही जमणार, रजा डिसेंबरसाठी राखून ठेवतेय, आम्ही दोघांनीही यावं असं मनात आहे, तुम्ही हो म्हणालात तरच तिकीट काढेन. बाबा, डोळ्यात थेंब वेळेवर घाला. पैसे जमा झाले की मेसेज टाका आणि शनिवारचं तेवढं नक्की कळवा.

तुमची,
चिमी