मराठीतून चुकण्यासाठी एक संध्याकाळ हवी

संपादक महोदय,

इंदुरात मराठी नाटकांना प्रेक्षक आहेत, व्याख्यानांना श्रोते आहेत आणि गणेशोत्सवात एकपात्री स्पर्धाही होतात. मात्र ज्याला स्टँडअप कॉमेडी मराठीतून शिकायची आहे, त्याला दर महिन्याला उभे राहून चुकता येईल अशी जागा माझ्या तरी पाहण्यात नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर गेले आठ महिने मी येथील कॅफेंमधल्या हिंदी ओपन माइकला, म्हणजे कोणीही नवखा उभा राहून विनोद सादर करू शकेल अशा कार्यक्रमांना, जात आहे. तेथील मुले माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत आणि मला ‘अंकल’ म्हणतात.

ओपन माइकला नाव आधी नोंदवावे लागते, प्रत्येकाला चार-पाच मिनिटे मिळतात आणि वेळ संपत आली की मागून कोणीतरी मोबाइलचा दिवा दाखवते. समोर वीस-पंचवीस माणसे असतात, त्यांतली निम्मी आपल्या पाळीची वाट पाहत स्वतःचे विनोद घोकत असतात, त्यामुळे ती हसत नाहीत. माझा पाच मिनिटांचा पहिला मजकूर सव्वातीन मिनिटांत संपला, कारण हशासाठी राखलेल्या जागा रिकाम्याच गेल्या आणि सर्वांत भरवशाच्या वाक्यावर नेमके कॉफीचे यंत्र फुसफुसले.

आपले बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घरी ऐकावे, हा तेथे मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला. पुण्याहून आलेल्या मावशीचा माझा एक किस्सा आहे. ‘तांदळातले खडे निवडावेत तशी मावशीने पोह्यांवरची शेव निवडून बाजूला ठेवली,’ असे मी सांगत असे आणि कोणी हसत नसे. चौथ्यांदा ऐकताना ध्यानात आले, की खडे आधीच दाखवून टाकल्यावर शेवेपाशी गंमत उरत नाही, आणि मराठीत काय किंवा हिंदीत काय, वाक्याच्या शेवटी क्रियापद येऊन जे काही हसू फुटू पाहत असते त्यावर पाय देते. पुढच्या वेळी ‘मावशीने शेव एकेक करून बशीच्या कडेला काढली’ एवढेच म्हणून मी थांबलो, आणि मग म्हटले, ‘तांदळातले खडे काढतात ना, तशी.’ एक टेबल हसले. बहुधा तेही मराठीच असावेत.

हा किस्सा हिंदीत निभावतो. पण माझा खरा विषय हिंदीत मावत नाही. पुण्याच्या एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेले गृहस्थ मला म्हणाले, ‘हिंदीभाषक असून मराठी छान बोलता हो तुम्ही!’ होळकरांच्या काळापासून येथे राहिलेल्या घरातल्या माणसाला हे वाक्य कसे लागते, ते हिंदीत सांगताना त्यातला खवचट गोडवा गळून पडतो. पुण्यात सांगावे, तर हशा त्या गृहस्थांच्या बाजूने पडेल. ‘भाडिपा’ या यूट्यूब वाहिनीसारख्या मंडळींनी मराठी स्टँडअपला प्रेक्षक मिळवून दिला हे खरे, तरी आमच्या हिंदीमिश्रित मराठीचा विनोद आम्हालाच, आमच्यासमोरच घडवावा लागेल.

म्हणून सानंद न्यास, महाराष्ट्र साहित्य सभा आणि शहरातील इतर मराठी संस्थांना माझी विनंती आहे, की महिन्यातून एक संध्याकाळ, एक माइक आणि जवळजवळ मांडलेल्या तीस खुर्च्या द्याव्यात. मोठे सभागृह नको, कारण विखुरलेल्या माणसांत हसू एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचत नाही. स्पर्धाही नको, स्पर्धेत माणूस वर्षातून एकदा घोटून आणलेले सादर करतो, आणि काय चुकले ते कळले तरी दुरुस्त करून पाहण्याची संधी पुढच्या वर्षी येते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांचे मनोगत वगळावे (आपल्याकडे हेच सर्वांत जड जाईल, याची मला कल्पना आहे).

संस्थांना धास्ती वाटेल, हे मी समजू शकतो. १ जानेवारी २०२१ रोजी याच शहरात छप्पन दुकान परिसरातील कार्यक्रमावरून एका विनोदवीराला अटक झाली आणि ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाकडून अंतरिम जामीन मिळेपर्यंत तो तुरुंगात होता. मलाही पहिल्या दिवशी संयोजकांनी धर्म आणि राजकारण टाळायला सांगितले होते. संस्थांनीही आपले नियम दाराशी लिहून लावावेत, आमची हरकत नाही. शिव्यांविषयी म्हणाल, तर नवखा माणूस घाबरला की शिवीचा आधार घेतो, कारण तिच्यावर हमखास कोणीतरी हसते. पहिल्या रांगेत दोन आज्या बसवल्या, तर त्याला दुसरा शब्द शोधावाच लागेल.

पहिल्या संध्याकाळच्या यादीत माझे नाव धरावे. माझ्याकडे आता साडेचार मिनिटे तयार आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, इंदूर