वाघ झोपला होता

प्रिय बाळ्या,

स. न. वि. वि. वगैरे तुला चालत नाही, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. परवा भर थंडीत प्राणिसंग्रहालयात जाऊन आलो. एकटाच, कारण नेहमीप्रमाणे तुला पोरांमधून सवड नव्हती.

गेलो होतो वाघ बघायला. तो पाठ करून झोपलेला, शेपटीचं टोकसुद्धा हललं नाही. लांडग्यांकडे तरी गंमत होती. धाकट्याने पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर केलं (कुत्री करतात तसं, ‘चल, खेळू’), तर थोरला धिप्पाड गडी आपणहून उताणा पडला आणि त्याला अंगावर चढू दिलं.

पण खरी मजा पाणमांजरांच्या कुंडाशी. ही आखूड नखांची जात, पाणमांजरांतली सगळ्यांत लहान. एक जण काठावर उताणा पडून सुपारीएवढा गोटा खेळवत होता. या पंजातून त्या पंजात, तिथून छातीवर, गळ्याशी, पुन्हा पंजात. नजर मात्र भलतीकडेच, वर्गात तू पेन फिरवायचास ना, अगदी तशी! मध्येच गोटा निसटून टुपकन पाण्यात पडला. स्वारीने बुडी मारली आणि तोच घेऊन वर आली. तोच होता रे, त्यावर पांढरी रेघ होती. माझी बोटं हातमोज्यातही बधिर झालेली, आणि या बेट्याला थंडीचा पत्ता नाही. दाट केसांत हवा अडकून राहते, त्यामुळे पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही म्हणे.

तिथला राखणदार म्हणाला, “खायची वेळ झालीय, म्हणून जास्त चाललंय.” माझा जरा विरसच झाला. म्हणजे खेळ नव्हे, भुकेची चुळबुळ? तेवढ्यात बादली वाजली, गोटा टाकून सगळी पळाली. मासे संपले, आणि पाचेक मिनिटांत आमचे साहेब परत काठावर, रेघवाला गोटा हुडकत. आता ही कुठली भूक?

घरी येऊन वाचलं. २०२० च्या एका अभ्यासातही भूक लागली की गोटे खेळवणं वाढतं, असंच दिसलं. त्याने हात तयार होतो म्हणावं, तर खाऊ दडवलेली कोडी सोडवण्यात हे खेळगडी काही सरस ठरले नाहीत. आणि ऐक, पोरवयातली नि म्हातारी पाणमांजरं जास्त खेळतात, मधल्या वयाची कमी. बहुधा पिल्लांच्या रगाड्यात सवड होत नसावी.

तुझी आठवण आली ती इथे. पुढच्या वेळी पोरांना घेऊनच ये. गोटा मी आणतो.

तुझा,
बंड्या