नृत्यदिनाची आठवण : सव्वासहाला जागेवर बसा

सभासदहो, नमस्कार.

२९ एप्रिल, जागतिक नृत्यदिन. बॅलेने नुसत्या गिरक्या न घेता गोष्ट सांगावी, असा आग्रह धरणाऱ्या फ्रेंच नृत्यरचनाकार नॉव्हेर यांचा हा जन्मदिवस (१७२७). १९८२ पासून तो जगभर साजरा होतो. त्या संध्याकाळी साडेसहाला नाशिकच्या कालिदास कलामंदिरात छोट्या समकालीन बॅले संघांच्या नव्याकोऱ्या रचना आहेत. एका पायाच्या बोटांवर तोल धरलेला असताना दार उघडून उजेड आत आला, तर नजर हलते आणि तोल जातो. म्हणून उशिरा येणाऱ्यांना मध्यंतरापर्यंत बाहेरच थांबावं लागेल. फ्लॅशही नको.

हे संघ पाच-सहा जणांचे. विनाइलची जमीन, म्हणजे मंचावर अंथरायचे प्लास्टिकचे पट्टे, स्वतःच गुंडाळून आणतात, अंथरतात, सांधे टेपने चिकटवतात. या कामाला दुपारी १ वाजता आठ-दहा हात हवेत, जमेल त्यांनी नक्की या. चपला विंगेबाहेर काढा. कित्येक रचना अनवाणी आहेत आणि बारीकसा खडाही तळव्यात घुसतो.

प्रयोगानंतर रचनाकारांशी गप्पा आहेत. लगेच उठू नका, मनापासून विचारा. नवं काम करणाऱ्याला तेच हवं असतं.

शालिमारला गाडी लावायची पंचाईत होते, शक्यतो रिक्षाने या.

– कार्यवाह