‘बेस्ट ऑफ द कॉर्स’मधील मूळ गाणी कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी बँडची ओळख बहुतेक श्रोत्यांना प्रथम त्याच्या गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहातून होते. त्यामुळे त्या संग्रहात गाण्याचे कोणते रूप घेतले आहे, याकडे समीक्षकांनी लक्ष द्यायला हवे. आयर्लंडमधील ‘द कॉर्स’ या बँडचा २००१ साली निघालेला ‘बेस्ट ऑफ द कॉर्स’ हा अल्बम माझ्या अत्यंत आवडीचा आहे आणि म्हणूनच त्याच्याविषयीची माझी तक्रार मी येथे मांडत आहे.

डंडॉक गावातल्या अँड्रिया, शॅरन, कॅरोलाइन आणि जिम या चार सख्ख्या भावंडांचा हा बँड. त्यांचे आईवडीलही कार्यक्रम करणारे वादक होते, त्यामुळे संगीत घरातच होते. अँड्रियाचे गाणे आणि तिची टिन व्हिसल ही छोटी आयरिश बासरी, शॅरनचे व्हायोलिन, कॅरोलाइनचे ड्रम्स आणि डफासारखे दिसणारे ‘बाउरान’ हे आयरिश चर्मवाद्य, जिमची गिटार व कीबोर्ड, आणि त्यावर तिन्ही बहिणींचे एकमेकींत मिसळून जाणारे स्वर ही त्यांची खरी कमाई. १९९५ च्या ‘फर्गिव्हन, नॉट फर्गॉटन’ या पहिल्या अल्बममध्ये पॉप गाण्यांच्या अधूनमधून निव्वळ वाद्यांवरच्या पारंपरिक आयरिश धून येतात आणि त्यांच्यामुळे शेजारच्या गाण्यांचाही रंग बदलतो.

ब्रिटनमध्ये मात्र त्यांना मोठे यश मिळाले ते १९९८ मध्ये, आणि त्यात रीमिक्सचा, म्हणजे दुसऱ्यांनी मूळ ध्वनिमुद्रणावर नवा ताल व नवी मांडणी चढवून केलेल्या रूपांचा, वाटा फार मोठा होता. फ्लीटवुड मॅक या जुन्या बँडच्या ‘ड्रीम्स’ची त्यांनी केलेली आवृत्ती डीजे टॉड टेरीच्या रीमिक्समधून तेथील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोचली. ‘व्हॉट कॅन आय डू’ आणि ‘सो यंग’ ही गाणीही रीमिक्समुळेच तेथे वर चढली, तर १९९५ मध्ये तेथे फारसे न गाजलेले ‘रनअवे’ १९९९ मध्ये ‘टिन टिन आउट’ या रीमिक्स करणाऱ्या जोडीमुळे दुसऱ्या क्रमांकावर गेले. २००१ च्या संग्रहात ही चारही गाणी रीमिक्स रूपातच आहेत. खपाचा हिशेब पाहिला तर ही निवड चूक म्हणता येणार नाही, कारण लोकांनी रेडिओवर ऐकली ती हीच रूपे. परंतु बँडच्या नावाने ‘बेस्ट’ म्हणून निघालेल्या अल्बममध्ये इतरांनी नव्याने बांधलेल्या तालाने मूळ वादनाची जागा घ्यावी, हे मला अन्यायाचे वाटते. कॅरोलाइनसारखी ड्रमवादक बँडमध्ये असताना तर ते अधिकच खटकते.

रीमिक्सशिवाय या बँडला चालले नसते, असेही नाही. निर्माते मट लँग यांच्यासोबत केलेले ‘ब्रेथलेस’ २००० साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि संग्रहातही ते सर्वांत टवटवीत वाटते. संग्रहासाठी केलेल्या नव्या गाण्यांपैकी ‘वुड यू बी हॅपिअर’ त्याच्या जवळपास येते. १९९९ चा ‘अनप्लग्ड’ हा, मुख्यतः विजेवर न चालणाऱ्या वाद्यांवरचा कार्यक्रम ऐकला, तर ही भावंडे कोणत्याही बाहेरच्या तालाच्या आधाराशिवाय तीच गाणी किती समर्थपणे उभी करतात, हे कोणालाही कळेल. निदान ‘रनअवे’चे मूळ रूप तरी संग्रहात रीमिक्सच्या सोबतीने असायला हवे होते.

आपल्या पुरवणीत अशा संग्रहांविषयी लिहिले जाते, तेव्हा गाणे मूळ आहे की रीमिक्स, ते कोणत्या अल्बममधले आहे आणि त्याचे मूळ रूप कोठे ऐकता येईल, एवढी माहिती चौकटीत द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘बेस्ट ऑफ द कॉर्स’ आवडलेल्या वाचकांनी त्यानंतर १९९५ चा पहिला अल्बम सुरुवातीपासून, मधल्या धून न वगळता, जरूर ऐकावा.

कळावे,
आपला नम्र,
एक संगीतप्रेमी वाचक